हँडलखालची चीर

इशबेलने सायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे चाकाचे दणके झेलणारा दुहेरी दांडा, तिसऱ्यांदा दाबून पाहिला. तो गुमान खाली गेला, गुमान वर आला. तेलाचा टिपूस नाही. चाकं फिरवली, तर अगदी सुतात. ब्रेक ओढले, तर सायकल जागच्या जागी. कुठे खोट निघत नव्हती, आणि हीच पंचाईत होती. खोट नसेल तर भाव पाडायचा कशाच्या जोरावर?

मालक टॉर्किल गिलीज अंगणात उलट्या बादलीवर बसून तोंडावरची चिलटं हाकलत होता. सत्तरीला टेकलेला गडी. फोर्ट विल्यम गावाच्या डोंगरावर जाणाऱ्या गोंडोल्याची, म्हणजे तारेवरच्या पाळण्यांची, यंत्रं त्याने तीस वर्षं सांभाळली, आणि सुट्टी मिळाली की त्याच डोंगरावरून सायकलने उड्या मारत खाली आला. गेल्या हिवाळ्यात खुबा बदलला, तेव्हा डॉक्टरने आणि बायकोने एका सुरात उड्या बंद केल्या. म्हणून सायकल विकायला निघाली होती. अकराशे पौंड.

इशबेल शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दर उन्हाळ्यात ती त्याच डोंगरावरच्या बायकांच्या सायकल शर्यतीत उतरायची आणि दर उन्हाळ्यात शेवटून दुसरी यायची. तिची सायकल साध्या जंगलवाटेची. डोंगरउतारावरच्या दगडांत ती अंगातली हाडं मोजून दाखवायची. नवी घ्यावी, तर किंमत तिच्या व्हॅनपेक्षा जास्त. सहा आठवडे ती जुन्या सायकली बघत हिंडत होती. तिच्याजवळच्या नऊशे पौंडांत बसणारी एक तर गळकी, नाहीतर वाकडी. ‘एकदाच पडलीय’ असं सांगणारा एक मालक तर स्वतःच लंगडत होता. शर्यत दोन आठवड्यांवर आली होती.

तिच्यासोबत भांडी घासणाऱ्या कर्स्टीने एक युक्ती शिकवली होती. फ्रेमला चीर आहे म्हणायचं. चीर म्हटलं की मालकाचा चेहरा उतरतो, आणि चेहऱ्यापाठोपाठ भाव.

हँडलच्या खाली, जोडाजवळ, रंगावर केसाएवढा ओरखडा होता. इशबेलने त्यावर बोट ठेवलं आणि जमेल तितकं वाईट वाटल्यासारखं करून म्हणाली, “ही चीर दिसतेय.”

टॉर्किल उठून आला. वाकला, डोळे बारीक करून बघत राहिला. नक्की का, असं त्याने विचारलं. नक्की, ती म्हणाली, अशा पुष्कळ पाहिल्यात. एकही पाहिली नव्हती.

त्याने मान डोलावली. आपली नजर आता पूर्वीची राहिली नाही, बरं झालं तू बघितलंस, असं म्हणाला. चिरलेल्या फ्रेमवर त्याचा मित्र डगी एकदा डोंगर उतरला होता, आणि अकरा वर्षं झाली, डगीची बायको त्याला बटाटे कुस्करून भरवतेय. आता तो हजारावर येतो की थेट नऊशेवर, याची इशबेल वाट बघत होती. तो शेडमध्ये गेला आणि लोखंड कापायची करवत घेऊन आला.

“चिरलेली सायकल विकायची नसते, पोरी,” तो म्हणाला. “फेकायचीही नसते. कोणीतरी उचलून नेतो आणि जिवानिशी जातो. मधोमध कापली की प्रश्न मिटला.”

इशबेल हसली. तो हसला नाही. त्याने सायकल स्टँडला घट्ट आवळली. त्याची बायको एफी चहा घेऊन बाहेर आली, करवत बघितली, ट्रे अंगणाच्या बुटक्या भिंतीवर ठेवला आणि बघत उभी राहिली.

गप्प राहिलं तर काय बिघडतं, इशबेलच्या मनात आलं. सायकल त्याची, करवत त्याची. व्हॅनमध्ये बसायचं आणि निघायचं. खरं सांगितलं तर रविवारपर्यंत गावभर होईल, आणि सायकल तर दोन्हीकडून गेलीच. पण तिला त्या फ्रेमवरचे स्क्रू दिसत होते. एकेका स्क्रूवर पांढऱ्या रंगाची बारीक खूण होती, सैल झाला तर कळावं म्हणून. इतकी वर्षं कोणीतरी हिला लेकरासारखं जपलं होतं.

करवतीचे दात नळीला टेकले. इशबेलने मध्ये हात घातला.

“थांबा. चीर नाहीये. भाव पाडायला खोटं बोलले मी.”

टॉर्किलने करवत खाली ठेवली. इशबेलने व्हॅनची किल्ली काढली. तेवढ्यात टॉर्किलने विचारलं, जवळ आहेत किती. तिने सांगितलं. मग ते भिंतीवर ठेव आणि घेऊन जा, तो म्हणाला, आणि स्टँडचा स्क्रू सोडवू लागला.

तिला आनंद झाला नाही, आधी संशय आला. “तुम्हाला माहीत होतं?”

“तो ओरखडा माझ्याच पान्याचा आहे. शनिवारपासून तू तिसरी. तिघांनाही तिथेच चीर दिसली.”

मग त्या दोघांचं काय झालं, तिने विचारलं. टॉर्किलने सांगितलं की त्यांच्यासमोरही करवत आणली होती, दात टेकवले होते, पण दोघांपैकी कोणी थांबवलं नाही. शेवटी आज खांदा दुखतोय, उद्या कापतो, असं सांगून सायकल परत शेडमध्ये ठेवावी लागली.

“थांबवलं नाही कसं?” इशबेलच्या हातात कप देत एफी म्हणाली. “दुसऱ्याने थांबवलं होतं की. म्हणाला, कापायच्या आधी चाकं तेवढी मला काढून द्या.”