सलग पाच वर्षं

शिक्षणसंस्थेच्या पोलादपूरच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर यायचे होते. कोणाचं खातं नव्यात घ्यायचं ते बघायला महाडहून सोनाली मॅडम आल्या होत्या. मानधनावरच्या लोकांची हजेरीही त्या जुन्या खात्यांच्या रोजच्या लॉगिनवरूनच काढून देणार होत्या, कारण सलग पाच वर्षं हजेरी भरलेल्याला संस्था कायम करणार होती. मानधनावरची रेश्मा सकाळपासून चहालासुद्धा उठली नव्हती.

"हे किशोर सर कोण हो?" मॅडमनी कौतुकाने विचारलं. "पाच वर्षांत एक खाडा नाही! नऊला हजर म्हणजे हजर."

रेश्माने टायपिंग थांबवलं.

"माझे मिस्टर," रेश्मा म्हणाली. "पाच वर्षांपूर्वी ते वारले आणि मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. पासवर्ड मला ठाऊक होता. रावजीकाका म्हणाले, नवीन खातं कशाला, त्याच्याच नावानं कर सुरू."

"मग तुमच्या नावावर हजेरी?"

"नाय."

सेक्रेटरी रावजीकाकांनी हजेरीचा कागद घेतला, चष्मा पुसून दोनदा वाचला.

"काम तूच केलंस, मला काय ठाऊक नाय? पण कमिटी कागद बघते गो."

रेश्माने मान हलवली आणि अर्धा राहिलेला शाळा सोडल्याचा दाखला टाईप करायला घेतला. काकांना खरंच वाईट वाटलं. ते तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"किशोर आज असता ना, तर कायम झाला असता बघ."