राणीचा सूत्रधार

"राणीसाहेब, माझ्या नावाचा खलिता आला होता का?" शलाकानं खेळातल्या दूताच्या तोंडून विचारलं.

राणी झालेल्या हौसाक्कांनी सुनेकडं न बघता ठसक्यात उत्तर दिलं, "आला असता तर मी काय लोणच्यात मुरवला असता?"

टीव्हीच्या पडद्यावरचा, खेळातला सूत्रधार लगेच बोलला, "राणी तोऱ्यात बोलली, पण तिची नाडी धावत सुटली."

"ह्या मेल्याला कुणी विचारलं?" हौसाक्का मनगटावरच्या पट्टीवर खेकसल्या. ती पट्टी काळीज ऐकायची. बोलणं आणि काळीज जुळलं नाही, की सूत्रधार ते सगळ्यांदेखत सांगून मोकळा व्हायचा.

शलाका खळखळून हसली. "आत्याबाई, एवढं काय मनाला लावून घेताय? खेळच तर आहे. नकोसा झाला असेल तर बंद करते त्याला."

तिला काहीच ठाऊक नव्हतं. चार वर्षांमागं एका प्रयोगशाळेतून तिच्या नोकरीचा फोन आला, तो हौसाक्कांनी उचलला होता. 'आमच्या सुनेला नोकरी करायची नाही,' असं सांगून ठेवून दिला होता. आपण मुलाखतीत नापास झालो, असं समजून पोरीनं पुन्हा कुठं अर्जच केला नाही. वर सासूचे गुडघे चोळत राहिली.

शलाकाचा हात बटणाकडं गेला. हौसाक्कांनी तो धरला.

"राहू दे त्याला. शलाका, खलिता आला होता. खेळातला नव्हे, तुझ्या नोकरीचा. मीच तो परत धाडला."

शलाकाचं हसू मावळलं. सूत्रधार आता काय म्हणतो, म्हणून दोघी थांबल्या. या वेळी तो काहीच बोलला नाही.