भिंती अंगावर येतात

त्र्याण्णवच्या भूकंपात दहा वर्षांची दानम्मा ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, हे गावात सगळ्यांना ठाऊक. म्हणून सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा नवऱ्याची नजर चुकवून रांगेत बसलेल्या दानम्माला कुणी काही विचारलं नाही.

"झोप लागत न्हाई. भिंती अंगावर येतात. घास घशाखाली उतरत न्हाई. 'मला बाहेर काढा' म्हणून सारखं रडू फुटतंय."

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला. "इतकी वर्षं झाली, तरी भूकंप मनातून गेला नाही तुमच्या."

दानम्मानं मान हलवली.


"माझं नव्हं बाई, लेकीचं सांगतेय. लातूरला क्लासला ठेवलंय तिला. बाप म्हणतो, डॉक्टर झाल्याबिगर घरी यायचं न्हाई."