आकड्याआधीचं शून्य

आंघोळीच्या वाफेने आरसा भरला की लुबेन त्यावर बोटाने तोच नऊ अंकी आकडा लिही आणि पुसून टाकी. आज तो पुसायचं विसरला. नेवेनाने पेन घेऊन आकडा तळहातावर उतरवला.

"हा कुणाचा?" नाश्त्याला तिने हात त्याच्यापुढे धरला.

"कुणाचा असणार? संख्या आहे." गाब्रोवोच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेला माणूस तो, लगेच खुलला. "अकराने भाग जातो. अंकांची बेरीज चोपन्न, म्हणजे नऊनेही जातो. सातने भागलं की मात्र बाकी एक उरते. एकदा अशी ओळख झाली की संख्या हरवत नाही."

"उरते ती कोण?"

तो हसला नाही. ताटलीतली चीजची बानित्सा अर्धी टाकून पाव आणायला निघाला. बाहेर सप्टेंबरचं ऊन रणरणत होतं आणि याच्या अंगावर ठेवणीतला लोकरी कोट.

नेवेनाच्या मनात महिनाभर पाल चुकचुकत होती. परवा असाच पावाला गेला तो दुपारी परतला, रिकाम्या हाताने, बुटांना नदीकाठचा चिखल. कुठे होतास विचारलं तर बूट पुसत बसला. बुद्धिबळाला जातो म्हणायचा, पण मित्र म्हणाले, उन्हाळाभर फिरकलेला नाही. स्वतःचा फोन म्हणे हरवला. आणि वर हिलाच बजावायचं, "फोन खिशात ठेवत जा. घरातसुद्धा." ईस्टरला मुलीने दिलेल्या त्या फोनवर नेवेना मुलीचा फोटो दाबायची, बाकी तिला काही ठाऊक नव्हतं. ती कुठे आहे, रान मोकळं आहे का, ते फोन करून विचारायचं असेल.

चाळीस वर्षांचा संसार. कुणी बाई निघालीच तर संध्याकाळच्या गाडीने मुलीकडे व्हार्नाला जायचं, असं ठरवून तिने बॅग भरली. भरताना रडू आलं, आणि रडू आलं याचा जास्त राग आला.

आकड्याआधीच्या शून्याला किंमत नसते, हे लुबेननेच तिला शिकवलं होतं. तिने शून्य आधी मांडून पाहिलं. सरळ मोबाइल नंबर तयार झाला.

तिने चाचपडत आपल्या फोनवरून लावला. एंगेज. थोड्या वेळाने पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. भवानीला बोलण्यातून सवड नव्हती.

शेजारची पेन्का बाल्कनीत मिरच्या भाजत होती. नेवेना तशीच एप्रनवर तिच्याकडे गेली आणि तिचा फोन मागितला.

"कुणाला लावतेस गं?"

"लुबेनच्या बाईला."

"या वयात? अगं, परवा माझ्याच दाराला किल्ली लावत बसला होता मेला."

नेवेनाने पेन्काकडेही जरा रोखून पाहिलं. मग तळहातावरचे आकडे एकेक करून दाबले.

या वेळी एंगेज नव्हता. रिंग गेली, आणि नेवेनाच्या एप्रनच्या खिशात फोन वाजू लागला.