रशियन व्हॉल्व्ह

दयारामला पोलिसांनी धरून नेलं.

असं काही झालंच नाही. झालं असतं तर पेपरात आलं असतं, आणि त्या आठवड्यात पेपरात फक्त पोलादाचं उत्पादन वाढल्याचं आलं होतं. तेव्हा आपण त्या आठवड्यातल्या एका संध्याकाळीच थांबू. दयाराम जगाच्या लेखी भिलाईतल्या त्या क्वार्टरात नव्हता, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारामागे पोतं अंथरून वरणभात खात होता.

आणीबाणीचं दुसरं वर्ष. दयाराम युनियनवाला, त्याच्या नावानं वॉरंट. क्वार्टर त्याच्या बहिणीचं, ताराचं. म्हणजे कागदावर तिच्या नवऱ्याचं, नरहरीचं. नरहरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क होता आणि रस्ता रिकामा असला तरच सायकलची घंटी वाजवायचा. तरी रोज संध्याकाळी तो चोरून लंडनच्या हिंदी बातम्या ऐकायचा. दयाराम पकडला गेला की नाही, हे त्याला लंडनकडूनच पक्कं कळणार होतं. मग दयाराम चार हातांवर जेवत बसलेला का असेना.

रेडिओ मोठ्याने लावायची सोय नव्हती. शेजारच्या भाऊरावांची आणि यांची भिंत एकच, तीही एका विटेची. म्हणून नरहरीने बिस्किटाच्या डब्यात एका व्हॉल्व्हचा, म्हणजे रेडिओतल्या काचेच्या नळीचा, स्वस्तातला हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता. त्यात लंडन गोधडीत तोंड खुपसून बोलायचं. आज त्याने जुना व्हॉल्व्ह उपटला आणि खुर्सीपारच्या भंगारातून आणलेला रशियन व्हॉल्व्ह त्या जागी बसवला. कारखाना उभारणारे रशियन इंजिनियर मायदेशी गेले होते, व्हॉल्व्ह मागे राहिले होते.

काचेतली तार लाल झाली आणि लंडनची गोधडी निघाली. बातम्या देणारा बुवा कागद उलटायचा तेही ऐकू येऊ लागलं. मग लंडनमध्ये कोणीतरी पातेल्यातून भात खरडला. मग लंडनमध्ये कोणीतरी म्हणालं, "अजून घे ना रे, दया."

नरहरी डब्यापासून हातभर मागे सरकला.

आतले पत्रे सैल असले की व्हॉल्व्ह आजूबाजूचा आवाज धरतो, हे त्याला माहीत होतं. पण त्या वर्षी माहीत असण्याचा फारसा उपयोग नव्हता.

"बोलू नको," तो पुटपुटला. "हा आपलं ऐकून राहिला."

"कोण?" तारा बाहेर आली.

"व्हॉल्व्ह."

"त्याले कान कुठं हायेत?"

"रशियन हाये तो!"

दारामागून दयाराम म्हणाला, "मॉस्कोले ऐकू गेलं तं जाऊ द्या ना, भाऊजी. धरणारे तं इथलेच हायेत."

"मले भाऊजी म्हणू नको! नातं कळते त्यायले!"

"मंग बंद करा ना तो डबा," तारा म्हणाली.

"मधातच बंद केला तं संशय येईन."

हे ताराला पटलं. तिने पदराला हात पुसले, डब्यासमोर बसली आणि बहिऱ्या सासूशी बोलावं तशी ओरडली, "आमच्या घरी कोणी नाई हो! आमी दोघंच हाओत! वीस कलमी कार्यक्रम मले बम आवडते!"

नरहरीने डब्याकडे बघून मान हलवली. डब्याला डोळे नव्हते, तरी हलवली.

दारामागून भरल्या तोंडाने आवाज आला, "आन मी तं इथं नाईच!"

आणि दयाराम हसला. लपायला आल्यापासून पहिल्यांदाच हसला. कारखान्याच्या गोंगाटात हसायची सवय असलेला माणूस तो, पुऱ्या छातीने हसला. हेडफोनात ते हसू लंडनपेक्षा मोठं आलं.

पलीकडे, भाऊरावांच्या घरात, भांड्यांचा आवाज थांबला.

"नरहरीभाऊ," भिंत म्हणाली. "पावणे आले का?"

नरहरीने हेडफोन काढला. "नाई, भाऊराव. मीच हसलो."

"तुमी?"

"हो."

"इतक्या वर्षांत आयकलं नाई कधी." मग भाऊराव फार प्रेमाने म्हणाले, "हसा बरं अजून एक डाव."

नरहरीने तोंड उघडलं. ताराकडे बघितलं. ती हातानेच हसा, हसा म्हणत होती, आणि तिचे डोळे भरले होते. नरहरीच्या गळ्यातून पंक्चर ट्यूबमध्ये पंप मारल्यासारखा आवाज निघाला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी तेवढाही निघाला नाही.

दयाराम आता हसत नव्हता. त्याने ताट हळूच खाली ठेवलं.

पलीकडे खुर्ची सरकली. कडी निघाली. चपला वाजल्या. त्या यांच्या दाराशी येतील म्हणून तिघंही दाराकडे बघत राहिले. चपला आल्या नाहीत. जिना उतरून गेल्या.

तारा उठून भावाची पिशवी शोधू लागली. पिशवी तिच्या हातातच होती.

नरहरी उभा राहिला. त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं, हेडफोन फोनसारखा तोंडाशी धरला आणि साहेबासमोर उभा असल्यासारखा ताठ होऊन बोलू लागला.

"माननीय महोदय यांच्या सेवेशी. अर्जदार नरहरी, क्लार्क, स्टोअर विभाग. विषय, हसण्याबाबत. सविनय सादर की, आज सायंकाळी या क्वार्टरात झालेले हसू हे अर्जदाराचेच असल्याचे मानण्यात यावे, आणि त्यापोटी जी काही कारवाई करणे असेल ती सर्व केवळ अर्जदारावरच करण्यात यावी, ही नम्र विनंती."