बुडाली असेल

“‘बेपत्ता’ लिवलंस तर कोण उघडतलो? ‘बुडालो’ लिही,” सत्यवान म्हणाला.

रॉविनाची बोटं थांबली. मालवणातल्या एका न्यूज पोर्टलचा सत्यवान संपादक, आणि बातम्या लिहायला ती एकटी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला होता : देवबागच्या मंगेशची होडी परतली नाही, बुडाली असेल. बाहेर वाऱ्याने माड वाकत होते.

“त्येच्या घराक एक फोन करूक द्या.”

“आधी लाव, मगे इचार. दुसऱ्यांनी लावल्यार आपल्याक कोण बघता?”

महिनाभर वाचक घटत होते. जाहिरात देणारे आधी वाचकांचा आकडाच विचारायचे. रॉविनाने ‘असेल’ काढलं, फेसबुकवरून मंगेशचा हसरा फोटो उचलला आणि बातमी लावली. मग फोन केला. लागला नाही. तेवढ्यात सत्यवानने दुसरी बातमी पुढे सरकवली.

आकडा चढत गेला. सत्यवान खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ येत होता, पुन्हा बसत होता.

दुपारी ऑफिसचा फोन वाजला.

“माझो फोटो कित्याक लावलात? मी जितो आसंय!” मंगेश ओरडत होता. इंजिन बंद पडलं म्हणून तो निवतीच्या बंदरात शिरला होता. त्याचा मोबाइल भिजला होता; बंदरातल्या एकाने त्याला बातमी दाखवली, त्याच्याच फोनवरून तो बोलत होता. “घराकडे कोण फोन उचलणा नाय. बाबांका सांगा, काळजी करू नका म्हणान.”

“बघलंत? जितो आसा!” रॉविनाला रडू यायचं बाकी होतं. तिने बातमी काढायला घेतली.

“जरा थांब गो,” सत्यवान म्हणाला. “लोक वाचतहत.”

तिने ऐकलं नसल्यासारखं करून मंगेशच्या घरी फोन लावला. यावेळी त्याच्या बायकोने, प्राजक्ताने उचलला. मागे बायकांचा गलका होता.

“मंगेश बरो आसा. निवतीक आसा,” रॉविना एका दमात म्हणाली.

पलीकडे बायकांना कोणीतरी गप्प केलं. मग प्राजक्ताने हळू विचारलं, “मगे बाबांका कोण सांगतलो?”

गंगाराम, तिचे सासरे. शेजारणीने मोबाइलवर बातमी दाखवली तेव्हा ते अंगणात जाळं सांधत होते. ‘झिलाक पाण्यात एकट्याक कसो ठेवू?’ एवढंच बोलले आणि छोटी होडी लोटून मुलाला शोधायला निघाले. दोघांनी दंड धरले, ते झटकले. वयामुळे समुद्र सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती.

लोक होड्या घेऊन शोधायला गेले. रॉविना फोन हातात धरून खोलीभर फिरत राहिली. उन्हं उतरताना प्राजक्ताच्या दिराने कळवलं. गंगाराम किनाऱ्याला लागले होते. होडी नव्हती. श्वासही नव्हता.

सत्यवान खिडकीकडे तोंड करून उभा होता. मान न वळवताच तो म्हणाला, “बातमी काढू नको. फक्त नाव बदल.”

रॉविना खुर्चीत बसली. तिने जुनी बातमी पुसली आणि नवा मथळा लिहिला : ‘आमच्या खोट्या बातमीमुळे मुलाला शोधायला गेलेल्या गंगाराम यांचा बुडून मृत्यू.’ खाली स्वतःचं नाव घातलं. मग त्याच्याखाली सत्यवानचं.

सत्यवान तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने मथळा वाचला. पुन्हा वाचला. तिचा हात माउसवर होता.

“रॉविना,” तो घाईघाईने म्हणाला, “लावच्या आधी ह्येची खात्री केलंस?”