सैल झाकण

आईच्या पोटातला रक्तस्राव थांबला आणि मुलीचा राग उसळला. "संधिवाताच्या गोळ्या उपाशीपोटी, वाटेल तेवढ्या! पोट आतून सोलून निघालंय तिचं. बाबा, त्या बाटलीचं झाकण मलासुद्धा उघडत नाही. तिला कोण उघडून देत होतं?"

तिची बोटं आखडलेली, पहाटे तर वळतच नाहीत; बिचारीचं अडायला नको, म्हणून रात्रपाळीला निघताना बाबाच रोज झाकण सैल करून ठेवत.

"कोण कशाला देईल? माझी मीच उघडायचे," दवाखान्याच्या खाटेवरून आई म्हणाली.

मुलीने रागारागातच पाण्याचा ग्लास पुढे केला. "धर."

सकाळपासून 'पाणी, पाणी' करणाऱ्या आईने हात चादरीबाहेर काढलेच नाहीत.

"ठेव तिथे. तहान नाही मला."